पांगाऱ्याची पेन्सिल

कुणी माझ्यासमोर 'शिसपेन्सिल' म्हटलं, की मी आजही नकळत दाराकडे बघते. सर आत येतील आणि बोलणाऱ्याची तिथल्या तिथे शिकवणी घेतील, अशी धास्ती वाटते. "शिसं? कुठंय शिसं? पेन्सिलीत शिसं कवाच नव्हतं. जुन्या लोकांनी काळा दगूड बघितला, त्यांना वाटलं शिसं हाय, अन् तेच नाव चिकटलं. ग्राफाइट म्हणा, न्हाईतर नुसतं पेन्सिल म्हणा." हे त्यांनी मला पहिल्यांदा ऐकवलं ते मी शाळेत रुजू व्हायला गेले त्या दिवशी. मी नेमणुकीचा कागद हातात धरून उभी, वर पत्रे तापलेले, घशाला कोरड पडलेली, आणि हा मुख्याध्यापक पाणी विचारायचं सोडून पेन्सिलीच्या पोटात काय असतं ते सांगतोय. मी बीडची, शहरात वाढलेली. मनात म्हटलं, बाई गं, बदलीचा अर्ज आजच लिहून ठेव.

तो अर्ज मी अजून लिहिलेला नाही. सर निवृत्त झाले, आणि त्यांच्या खुर्चीवर आता मीच बसते.

शाळा शिरूर कासार तालुक्यातली, दोन शिक्षकांची. एक सर आणि एक मी. सर उंच, काटकुळे, पांढरा शर्ट नेहमी इस्त्रीचा, पण खिसा मात्र कायम करडा. खिशात पेन्सिली उभ्या खोचलेल्या असत, टोकं वर. कुणी म्हणालं की सर, टोक खाली ठेवा, छातीला टोचेल, तर म्हणायचे, "टोक मोडण्यापरीस टोचलेलं बरं." एक पेन्सिल कानावर असायची, सुतारासारखी. ती कानावर आहे हे विसरून ते कपाटं उलथीपालथी करायचे आणि वर्गातली पोरं तोंडावर हात दाबून बसायची. सांगायचं नाही, असा पोरांचा आपापसात करारच होता.

सर सगळं पेन्सिलीने लिहीत. हजेरी, टाचणं, वरच्या ऑफिसला जाणारी माहितीसुद्धा. एकदा केंद्रप्रमुख साहेब भडकले. म्हणाले, "गुरुजी, हे सरकारी काम आहे. उद्या कुणी खोडलं तर?"

"खोडणाऱ्याला खोडू द्या की साहेब. शाईनं लिव्हलेलं तरी कुठं खरं असतंय?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. शेवटी तोड अशी निघाली की सरांनी पेन्सिलीने लिहायचं आणि मी त्यावरून पेनाने गिरवायचं. मी जाम चिडले. दोन पदव्या घेऊन मी काय गिरवायला आलेय का, असं घरी जाऊन आईला बोलूनही दाखवलं. वर्षानुवर्षं मी ते काम केलं, आणि माझं अक्षर कधी सरांसारखं वळलं ते मलाच कळलं नाही. आज मी काही लिहिलं की गावातले लोक म्हणतात, गुरुजींचं अक्षर दिसतंय.

सकाळी परिपाठाच्या आधी सर ओट्यावर मांडी घालून बसत. हातात छोटा चाकू, पुढ्यात जुना पेपर, आणि समोर पोरांची रांग. प्रत्येकाची पेन्सिल ते स्वतः तासून देत. शार्पनर शाळेत आणायची बंदी होती. "ते यंत्र लिहिण्यापरीस जास्त पेन्सिल खातंय," म्हणायचे. तासताना सालीचा वास घ्यायचे आणि पेन्सिल उलटसुलट करून बघायचे. मला वाटायचं हा सगळा वेळकाढूपणा आहे. एक दिवस मी शेजारी उभी राहून ऐकलं.

"ही मागून चावली कुणी? तू व्हय? सकाळी काय खाल्लं बे?"

पोरगं पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागलं.

"जा, आत माझ्या डब्यात भाकरी हाय. आधी ती चाव, मग पेन्सिल."

पुढचीचं टोक रोज मोडायचं. तिला विचारलं, "एवढी दाबून कावून लिहिती? घरी भांडणं झाली का?" पोरीने मान हलवली. सरांनी टोक जरा आखूड ठेवलं आणि संध्याकाळी तिच्या घरावरून चक्कर टाकून आले. त्यानंतर मी वेळकाढूपणा हा शब्द परत काढला नाही.

आमच्या गावात दिवाळी संपली की ट्रॅक्टर यायचे. भांडीकुंडी, अंथरुणं, कोंबड्या आणि लेकरं वर चढायची आणि निम्मी शाळा ऊस तोडायला कारखान्यांच्या मुलखात निघून जायची. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस असेल ती लेकरं मागे राहत, बाकीची आईबापांसोबत. तिकडे कुणी धाकट्याला सांभाळायचं, कुणी मोळ्या बांधायच्या. पाडव्याच्या पुढेमागे माणसं परतायची, पण सगळी पोरं शाळेत परतायचीच असं नाही. काहींचा अभ्यास सुटायचा, काहींची लाज वाढायची, काही नुसतीच लांब राहायची. सरांना आयुष्यात भीती वाटली असेल ती याच एका गोष्टीची.

त्यावर त्यांनी आपला एक उपाय काढला होता. निघायच्या आदल्या दिवशी जाणारी सगळी पोरं ओळीने यायची. सर प्रत्येकासाठी नवी कोरी पेन्सिल घेत, मधोमध चाकूने तिरकी कापत, आणि अर्धी पोराच्या हातावर ठेवत. उरलेल्या अर्धीला नावाची चिठ्ठी दोऱ्याने बांधून ती खिडकीतल्या लोणच्याच्या बरणीत टाकत. "ही अर्धी तुझी वाट बघत बसंल. न्यायला ये." कार्तिकात बरणी भरायची आणि चैत्रात रिकामी व्हायला लागायची. पोरगं परत आलं की सर दोन्ही तुकडे तळहातावर ठेवून फिरवत. तिरके काप एकमेकांना बसले की ओरडत, "जमलं!" मग जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून त्याच पेन्सिलीने पोराकडून हजेरीच्या पाठकोऱ्या कागदावर नाव लिहून घेत. सगळा वर्ग टाळ्या वाजवायचा. मीही वाजवायचे, खोटं का सांगू.

एकदा एका पोराने कुठून तरी दुसरीच पेन्सिल मोडून आणली. सरांनी ती फिरवून फिरवून बघितली. "ही कुणाची नवरी आणली बे? जा, आपली हुडकून आण." पोरगं धावत घरी गेलं आणि अंथरुणाच्या घडीतून खरी घेऊन आलं. सर हसले, आम्ही सगळे हसलो. ती थट्टा होती हे आम्हा दोघांना माहीत होतं. पोरांना ते कुणी सांगितलं नाही.

आता कोमलचं सांगायला हवं.

कोमल चौथीत होती. तिच्या आजोबांची मेंढरं होती; दिवाळीनंतर ते कळप घेऊन लांब चरायला जात, म्हणून आईबाप दरसाल ऊसतोडीला निघाले की तीही त्यांच्यासोबत जायची. अंगाने बारीक, पण प्रश्न विचारायला लागली की सरांना घाम फोडायची. सर वर्षातून एकदा पेन्सिलीचा इतिहास सांगत. तो अभ्यासक्रमात नव्हता, पण सरांच्या शाळेत त्याला गणिताइतका मान होता.

"लई वर्षांखाली, लांब विलायतेत, एका डोंगरात वादळ झालं. झाड मुळासकट उपटलं. त्याच्या बुडाशी काळा चमकणारा दगूड निघाला. तो घावला कुणाला? राजाला? न्हाई. पंडिताला? न्हाई. मेंढरं राखणाऱ्यांना, असं लोक सांगत्यात. त्यांनी काय केलं? आपली मेंढरं वळखू यावीत म्हणून त्या दगडानं मेंढरांवर खुणा वढल्या. म्हंजी पेन्सिलीचं पयलं लिखाण कशावर झालं? मेंढराच्या पाठीवर!"

मेंढरंवाल्यांची पोरं ताठ बसायची. गेरूने मेंढरं रंगवणं हे त्यांच्या घरचंच काम होतं. त्या वर्षी कोमलने हात वर केला.

"सर, ते दगूड खणाया गेले तवा त्यांची मेंढरं कोण बघत व्हतं?"

सर थांबले. कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली. "हे कुठल्या पुस्तकात न्हाई, पोरी. मला ठावं न्हाई."

पुढची गोष्ट अशी, की त्या खाणीवर पहारे बसले, मग देशादेशांत लढाई लागली, आणि पलीकडच्या देशात तो दगड मिळेना. तेव्हा तिथल्या एका डोकेबाज माणसाने हाताशी होता त्या हलक्या प्रतीच्या दगडाची पूड केली, तिच्यात माती कालवली, कांड्या केल्या आणि भट्टीत भाजल्या. माती जास्त घातली की पेन्सिल कडक, कमी घातली की मऊ आणि काळीभोर. हे सांगता सांगता सर खिडकीबाहेर बघायला लागले. "माती आपल्याकडं हाय. भट्टी कुंभाराकडं हाय. मग पेन्सिल भायेरून कावून आणायची?"

मी त्याच क्षणी ओळखलं की आता काही खरं नाही.

पहिले बळी गेले टॉर्चचे सेल. त्यांतल्या काळ्या कांड्या काढून सरांनी लिहून बघितलं, तर कागद फाटला. मग बीडच्या एका लेथवाल्याकडून ग्राफाइटची पूड आली. मातीसाठी सर रविवारी मोटरसायकल घेऊन गेवराईच्या बाजूला गोदावरीवर गेले. तिथला गाळ फार चिकण असतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते दिवस वाळूवरून रोज धरपकड चालू असण्याचे. परत येताना तपासणीवाल्यांनी अडवलं आणि मला फोन आला.

"मॅडम, हे गृहस्थ तुमच्या शाळेचे आहेत का? पोत्यात काय आहे विचारलं तर म्हणतात, पेन्सिलीची माती आहे."

"खरं आहे साहेब," मी म्हटलं.

"तुम्ही पण तेच म्हणता?"

पलीकडून सरांचा आवाज आला, "अहो, वाळू अन् मातीतला फरक तुमाला कळंना, मग तुमी हितं उभे तरी कशाला?" एवढं ऐकून मला वाटलं, आता सरांना कोठडी. पण त्या माणसाने पोत्यात हात घालून बघितला, हात झटकला आणि सोडून दिलं.

मग ती माती पाण्यात कालवून, गाळून, निवळून घेतली. मग पूड आणि माती एकत्र वाटायची. त्याला पाटा-वरवंटा लागतो. सरांच्या घरून काकूंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत यायचा. "या माणसानं माझा पाटा बाटवला! परवाची चटणी काळी, कालची चटणी काळी, पाव्हणे इचारत्यात हे कशाचं पिठलं हाय!" काकू ओरडायच्या आणि सरांचा हात दुखला की वरवंटा स्वतः हातात घ्यायच्या. तयार झालेला लगदा जनावरांच्या डॉक्टरकडून मागून आणलेल्या सुई नसलेल्या पिचकारीतून दाबून काढला. पाटीवर काळ्या शेवया पडल्या. त्या सावलीत सुकवल्या, गाडग्यात कोळशाची पूड भरून तिच्यात खुपसल्या, तोंड मातीने लिंपलं आणि गाडगं कुंभाराच्या भट्टीत ठेवलं. हवा लागली की ग्राफाइट जळतं, म्हणून हा बंदोबस्त. पहिल्या वेळी लिंपण तडकलं. कुंभाराने गाडगं फोडून आत बघितलं आणि म्हणाला, "गुरुजी, तुमच्या शेवया करपल्या."

दुसऱ्या वेळी जमलं. कांड्या गरम मेणात बुडवल्या, की त्या कागदावर सुळकन चालतात. आता लाकूड. बाभूळ चाकूला दाद देईना. शेवटी सुताराने पांगाऱ्याचं लाकूड काढलं, हलकं आणि मऊ. त्याच्या दोन पट्ट्या केल्या, दोन्हींना खाच पाडली, मध्ये कांडी ठेवली आणि डिंकाने चिकटवल्या. पेन्सिल अशीच दोन फाकांची असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं लाकडाला भोक पाडून आत कांडी सारत असतील. पण आमच्याकडची हवा इतकी कोरडी की सकाळपर्यंत प्रत्येक पेन्सिलीच्या फाका उघडलेल्या आणि आतली कांडी मोडलेली. एक एक करत सगळ्या कांड्या संपत आल्या. शेवटची राहिली तेव्हा सर ओट्यावर डोकं धरून बसले होते.

कोमलने येऊन दोन्ही फाका हातात घेतल्या. घरून तिने मेंढराच्या लोकरीचा धागा आणला होता, गेरूत लाल झालेला. डिंक लावला, कांडी ठेवली, आणि वरपासून खालपर्यंत धागा असा घट्ट गुंडाळला की पेन्सिल उघडायची बिशाद नव्हती. "आमी काठीला चीर गेली की आसंच करतो, सर."

ती पेन्सिल लिहिती झाली. बोटाएवढी जाड, जरा वाकडी, लाल लोकरीची. रेघ फिकी उमटायची, मध्येच खडा लागायचा. पण लिहायची. सरांनी एका कागदावर शाळेतल्या प्रत्येक पोराला एक एक रेघ ओढू दिली. मग गावभर फिरले. हॉटेलात, दूध डेअरीवर, दवाखान्यात, जो भेटेल त्याला सांगायचे, "बीड जिल्ह्यात झालेली पयली पेन्सिल!" पहिली की कसं ते देव जाणे, पण त्यांना विरोध करायची हिंमत कुणाला होती? जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात ती मांडायची असं ठरलं. इतका खूश झालेला माणूस मी पुन्हा बघितला नाही.

दिवाळी झाली. ट्रॅक्टर लागले. पोरं ओळीने आली. कोमलची पाळी आली तेव्हा सरांनी नवी पेन्सिल उचलली, तर ती म्हणाली, "ही नको. मला ती पायजे."

"कोणती?"

"आपली."

सरांचा हात खिशावर गेला. मी म्हटलं, कोमल, हट्ट करू नकोस, ती प्रदर्शनात जायची आहे. सरांनी पेन्सिल काढली, बराच वेळ हातात धरली, मग लोकर जिथे कापायची तिथे दोन्हीकडे गाठ मारली आणि चाकू लावला. लाकूड मऊ होतं, पण त्यांना वेळ लागला. "प्रदर्शन काय, पुढच्या साली होईल," ते मला म्हणाले. "तू आल्यावर जोडू. आणायची बरं का."

"आणते," कोमल म्हणाली.

पाडवा झाला. माणसं परत आली. बरणी रिकामी होत गेली. कोमलचे आईबाप परत आले, गावात दिसले, पण कोमल शाळेत आली नाही. परीक्षा झाली, सुट्टी झाली, शाळा पुन्हा उघडली. बरणीत लाल लोकरीचा एकटा तुकडा. सरांनी दोनदा घरी जाऊन निरोप ठेवला. तिसऱ्यांदा कोमलचा बाप हॉटेलात सापडला, तेव्हा सरांचा तोल गेला. मी रस्त्याच्या पलीकडे होते, मला सगळं ऐकू आलं.

"पोरगी मेंढरांमागं धाडतो अन् हितं चहा पितो, लाज न्हाई वाटत?"

"मी कावून धाडू गुरुजी? रोज दप्तर देऊन लावतो. तीच माळावर जाती. मारू का तिला?"

"खोटं बोलू नको."

"तुमच्याशी खोटं बोलून मला काय करायचंय?" बाप उठून गेला. चहा तसाच राहिला.

एका रविवारी मी घरच्यांबरोबर नारायणगडावर दर्शनाला गेले होते. पायऱ्यांपाशी कोमलची आई भेटली. मी रागातच विचारलं, पोरीला शाळेत का पाठवत नाही? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मॅडम, तिच्यापाशी ती अर्धी पेन्सिल व्हती ना, ती फडात पडली. आमाला ठावं न्हाई, उसाच्या वाळल्या पाल्याचं पाचट पेटवलं, त्यात जळाली. तवापासून म्हणती, आता सर घेत न्हाईत. एकाला दुसरी आणली तर घरी धाडलतं म्हणं. अन् हिची तर सरांनी सोता केलेली. कसं तोंड दाखवू म्हणती."

दुसऱ्या दिवशी मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते ओट्यावर पोरांच्या पेन्सिली तासत होते. चाकू थांबला. रांगेतल्या पोरांना त्यांनी वर्गात जायला सांगितलं. मग पेपरवरच्या साली नुसत्या गोळा करत बसले.

"दार उघडं ठेवाया गेलो मॅडम," ते म्हणाले, "अन् मीच कडी लावून बसलो."

सरांवर मी बरीच वर्षं वैतागले होते, पण त्या सकाळी त्यांचं तोंड बघवलं नाही. मधल्या सुट्टीत ते उठले, बरणीत हात घातला, लाल लोकरीचा तुकडा खिशात टाकला आणि म्हणाले, "चला. तिला देऊन टाकू. सांगू, अर्धी तर अर्धी."

माळावर कोमल बोरीच्या सावलीत बसली होती. आम्हाला बघून उठली, पण मेंढरं टाकून जाणार कुठे? उभी राहिली, मान खाली. सरांना धाप लागली होती. ते तिच्यासमोर जमिनीवरच बसले. मला वाटलं आता खिशातून तुकडा काढतील. त्यांनी काढला नाही. तिच्याकडे बघत राहिले, आणि म्हणाले,

"कोमल, मी लई अडचणीत हाय. तुझी अर्धी माझ्याकडून हरवली."

मी तोंड उघडणार होते. सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मिटलं.

कोमलने मान वर केली. "पांगाऱ्याची?"

"पांगाऱ्याची. बरणीत ठेवलती. सगळी शाळा हुडकली. आता तू तुझी घेऊन आलीस तर मी जुळवू कशाला? तोंड कसं दाखवू तुला? म्हणून मीच आलो. चुकलं माझं. आता मला घेती का शाळेत?"

पोरगी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. सरांचे डोळे भरले होते, आणि ते काही नाटक नव्हतं.

"रडू नका, सर," ती म्हणाली. "माझीबी जळाली. पाचटात."

"खरं?"

"खरं. देवाशप्पथ."

"मग बराबर झालं की!"

"व्हय. मी येते उद्या."

सरांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "अन् ही मेंढरं कोण बघंल?"

"आज्जा बघंल."

"बघा मॅडम," सर माझ्याकडे वळले, "त्या विलायतेतल्या लोकांची मेंढरं कोण बघत व्हतं ते कळलं. आज्जा बघत असंल." कोमल हसली. कित्येक महिन्यांनी हसली असेल. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बाकावर होती.

त्यापुढच्या दिवाळीला सरांनी पेन्सिली कापल्या, पण प्रत्येक पोराकडून तीन वाक्यं म्हणवून घेतली. हरवली तरी येईन. मोडली तरी येईन. हात रिकामा असला तरी येईन. मीही आता म्हणवून घेते.

आणि सरांनी आपली पेन्सिल गमावली. जळाली तेवढी अर्धी नव्हे, उरलेलीसुद्धा. कारण एकदा हरवली म्हटल्यावर ती कुणाला दाखवणार? ज्या वस्तूसाठी पाटा बाटवला, गेवराईच्या रस्त्यावर चोर ठरता ठरता राहिले, ती वस्तू घरात आहे आणि नाही म्हणायचं. कुंभार भेटला की टोमणा मारायचा, "एवढी भट्टी लावली अन् हरवली? तुमच्यापरीस लेकरं बरी, गुरुजी!" सर ऐकून घ्यायचे. पुन्हा पेन्सिल करायचा प्रयत्न त्यांनी केला, पण तशी जमली नाही. मला त्या वेळी फार वाटायचं की ओरडून सांगावं, हरवलेली नाही हो!

निरोप समारंभात बाहेरून आलेले साहेब भाषणात म्हणाले, "गुरुजी, तुम्ही म्हणे पेन्सिल बनवली होती? आम्हाला दाखवा की."

"व्हती साहेब," सर म्हणाले. "हरवली."

मांडवात हशा पिकला. कोमल तेव्हा शिरूरला नववीत होती, मैत्रिणींबरोबर मागे बसली होती. ती हसली नाही, एवढं मी बघितलं. तिला वाईट वाटलं असेल, असं मला वाटलं.

सगळे गेल्यावर सरांनी बरणी माझ्या स्वाधीन केली. मग खिशातून फडक्यात गुंडाळलेला एक तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. लाल लोकर विटून मातकट झाली होती. "ही हरवलेली हाय मॅडम," ते म्हणाले. "हरवलेलीच राहू द्या."

गेल्या हिवाळ्यात सर गेले. कोमल बीडला नर्सिंगला आहे. ती काकूंना भेटायला आली आणि जाताना शाळेत डोकावली. खिडकीतली बरणी अर्ध्या पेन्सिलींनी भरलेली होती, गाव ऊसतोडीला गेलेलं. ती बरणीला हात लावून उभी राहिली. मला राहवलं नाही. सर नाहीत, आता कुणासाठी लपवायचं, असं म्हणून मी कपाट उघडलं आणि फडकं तिच्यासमोर सोडलं.

तिला आश्चर्य वाटेल, रडू येईल, असं मला वाटलं होतं. तिने तुकडा उचलला, लोकरीच्या गाठीवरून बोट फिरवलं.

"मला ठावं व्हतं, मॅडम. त्या दिवशी माळावर सरांच्या खिशातून लाल लोकर लोंबत व्हती."

"अगं, मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"ते एवढे रडकुंडीला आलते. सापडली म्हणून कसं सांगू?"

तिने तुकडा फडक्यात ठेवला, घडी घातली, आणि माझ्या हातात परत दिला.

"ठेवा, मॅडम. हरवलेली हाय ती."